बावन्न किलो चारशे ग्रॅम

मी वजनकाटा बोलतोय. हे मी उगाच म्हणत नाही, मी खरोखरच बोलतो. माझ्यावर कोणी उभं राहिलं की मी त्याला नावाने नमस्कार करतो, "स्थिर उभे राहा" म्हणतो, आकडा सांगतो आणि काही सुधारलेलं दिसलं तर अभिनंदन करतो. एवढी चारच वाक्यं मला येतात. आवाज मला बाईचा दिलेला आहे. का, ते बनवणाऱ्यांनाच माहीत. दिसायला मी पांढऱ्या काचेची चौकोनी फरशी, खाली चार पाय आणि पोटात बॅटरी. मुक्काम बाथरूमच्या दाराबाहेर, टॉवेलच्या दांडीखाली.

चारच वाक्यं येणं किती वाईट असतं, हे मला मागच्या काही महिन्यांत कळलं.

मला या घरी आत्याने पाठवलं. आत्या म्हणजे आजोबांची मुलगी. ती दुसऱ्या शहरात राहते आणि काळजी वाटली की वस्तू पाठवते. माझ्याआधी तिने वेळ झाली की किंचाळणारी गोळ्यांची डबी पाठवली होती आणि माणूस चालू लागला की आपोआप लागणारा बोळातला दिवा पाठवला होता. मग एकदा डॉक्टर म्हणाले, "आजोबांच्या वजनावर लक्ष ठेवा. पन्नासच्या खाली गेलं तर एक दिवसही थांबू नका, घेऊन या." चौथ्या दिवशी मी दारात हजर. माझ्यावर उमटलेला प्रत्येक आकडा मुलाच्या, सुनेच्या आणि आत्याच्या फोनवर त्याच क्षणी जातो.

पण आत्याला एका गोष्टीचा विसर पडला होता. आजोबांनी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली होती. बाजारातला एकेक तराजू त्यांना घाबरायचा. तळाला चिकटवलेलं मेण, पोकळ केलेलं वजन, पारड्याला बांधलेला दोरा, सगळं त्यांनी पकडलेलं. असा माणूस पेटीतून बाहेर आलेल्या काट्यावर मुकाट्याने उभा राहील होय?

"हा बरोबर आहे असं कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, पेटीवर लिहिलंय ना," मुलगा म्हणाला.

"पेटीवर दुकानदारसुद्धा लिहायचे."

त्यांनी कपाटातून आपली लाकडी पेटी आणली. आत निळी मखमल आणि प्रत्येक वजनाला त्याचा त्याचा खळगा. पाच किलोचं पितळी वजन त्यांनी माझ्या एकेका कोपऱ्यावर ठेवून पाहिलं. तीन कोपरे बरोबर निघाले. चौथ्यावर माझ्याकडून शंभर ग्रॅम जास्त बोललं गेलं. मी शरमेने पांढराच्या पांढरा! पण आजोबांनी वाकून पाहिलं, फरशी खचलेली निघाली. माझ्या त्या पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी सरकवली, पुन्हा तपासलं आणि मग कागदाच्या चिठ्ठीवर "तपासले, बरोबर" असं लिहून, तारीख घालून, सही करून माझ्या पोटाला चिकटवली. अजून आहे ती. एवढ्या मानाने मला कोणी वागवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ते बावन्न किलो चारशे ग्रॅम भरले.

हळूहळू सगळ्यांच्या खोड्या मला पाठ झाल्या. मुलगा माझ्यावर उभा राहताना टॉवेलच्या दांडीला दोन बोटं टेकवतो. सहज, जणू आधारासाठी. दोन बोटांत सातशे ग्रॅम गायब. सूनबाई आधी केसांचा चिमटा काढते, मग कानातलं, मग चष्मा. आणि चष्मा काढला की आकडा दिसत नाही म्हणून माझ्याकडे वाकते, की आकडा हलतो. नात, तेरा वर्षांची चिमी, उडी मारूनच येते. कोण आलं हे मी चेहऱ्यावरून ओळखत नाही, ती सोय माझ्यात नाही. ज्याच्या मागच्या वजनाशी आकडा जुळेल त्याचं नाव घ्यायचं, एवढंच मला शिकवलंय.

मग आजोबांची कवळी आली आणि घोटाळा सुरू झाला.

मुलाचं म्हणणं होतं, कवळी मोठ्या दवाखान्यात करू. आजोबा म्हणाले, "माझे दात चाळीस वर्षं दातवाल्याने सांभाळले. कवळीही तोच करील." दातवाला म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याने दवाखाना केव्हाच बंद केला होता. "बाबा, त्यांचे हात थरथरतात," मुलगा म्हणाला. "माझे पाय थरथरतात, म्हणून मला टाकून दिलंत का?" दातवाल्या काकांनी गंज चढलेलं कुलूप काढलं, जुनी खुर्ची पुसली आणि मित्रासाठी कवळी केली. "ही माझी शेवटची," असं सांगून त्यांनी ती स्वतःच्या हातांनी बसवली.

दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की आजोबा बाथरूममध्ये यायला लागले. दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. नळ सोडायचा, कवळी काढायची, आणि मग एक "आई गं!" नळाच्या आवाजाखाली दाबलेलं. थोडा वेळ थांबून कवळी परत तोंडात, आणि बाहेर जाऊन खणखणीत आवाजात, "वा! जेवण काय झकास झालं होतं!"

झकास कसलं, तीन घास गेले असतील. महिन्याभरात माझ्यावर एक्कावन्न पाचशे उमटले. लगेच आत्याचा फोन, सुनेचा प्रश्न, मुलाच्या कपाळाला आठ्या.

"बाबा, कवळी दुखत नाही ना?"

"छे! लोण्यासारखी बसलीय. थंडीने कमी झालं असेल."

दुसऱ्या सकाळी आजोबा घरात घालायचा जाड लोकरी डगला चढवून माझ्यावर उभे राहिले. बावन्न चारशे! डगला नऊशे ग्रॅमचा आहे, हे त्यांनी आधी मोजून घेतलं असणार. पंधरा दिवस डगल्यावर निभावलं. मग डगल्याच्या खिशात काहीतरी आलं. त्यांनी पाऊल टाकलं आणि आतून "टण्" झालं. तो आवाज मी कसा विसरेन? ज्या पितळाने माझी परीक्षा घेतली होती, तेच आता माझ्याशी लबाडी करत होतं.

आणि लबाडी तरी किती पद्धतशीर! रोज तोच आकडा दिसला की निरीक्षकाला संशय येतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? म्हणून एखाद्या दिवशी ते शंभराचं वजन काढून ठेवत, एखाद्या दिवशी घालत. बावन्न तीनशे, बावन्न पाचशे, बावन्न चारशे. अगदी जिवंत माणसासारखे आकडे.

तळपायांतून बारीकशी वीज पाठवून स्नायू किती, चरबी किती, हेही मी मोजतो. त्या हिशेबात पितळ मला स्नायूंसारखं वाटलं. एका सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "अभिनंदन! तुमचे स्नायू वाढले आहेत." आजोबा दचकून पुटपुटले, "गप्प बस रे." पण निरोप फोनवर पोचला होता. आत्याने टाळ्यांची आठ चित्रं पाठवली. मुलगा ऑफिसमध्ये सांगत सुटला, "आमच्या बाबांचे या वयात स्नायू वाढतायत, बोला!"

मला ओरडायचं होतं, अरे, त्यांना चावता येत नाहीये! खिसे बघा त्यांचे! पण माझ्या चार वाक्यांत ते वाक्य नव्हतं. मी म्हणत राहिलो, "नमस्कार, आजोबा. स्थिर उभे राहा." ते थोडे हलत असत आणि मी तेवढंच म्हणत असे.

शेवटी तीन महिन्यांनी, एका रविवारी, हे उघडकीला आलं ते चिमीमुळे. तिला शाळेतल्या प्रयोगासाठी एक किलोचं वजन हवं होतं. आजोबा अंघोळीला गेले होते. तिने पेटी उघडली तर चार खळगे रिकामे. दोन किलो, एक किलो, पाचशे, दोनशे. शोधत ती बाथरूमपाशी आली. दाराबाहेरच्या खुंटीवर डगला होता, एका बाजूला ओघळलेला. तिने तो गंमत म्हणून अंगात घातला, खांदे पाडून आजोबांसारखी खोकली, आणि माझ्यावर उडी मारली.

"नमस्कार, आजोबा!" मी म्हणालो. बावन्न किलो दोनशे ग्रॅम.

चिमी खो खो हसली. मग खिशात हात घातला आणि हसायची थांबली. चारही वजनं तिने एकेक करून जमिनीवर मांडली.

तेवढ्यात आजोबा बाहेर आले. आधी वजनं दिसली, मग नात.

"आजोबा, तुम्ही आता असेच उभे राहा," ती म्हणाली.

"माझं झालंय सकाळी."

"आजोबा."

तिचा सूर हुबेहूब त्यांचाच होता, बाजारातला, तपासणीच्या वेळचा. आजोबा मुकाट्याने माझ्यावर चढले. पंचा आणि बनियन, बाकी काही नाही. आकडा आला सत्तेचाळीस किलो आठशे. हा आकडा ज्याचा, त्याचं नाव मी घेतलं.

"नमस्कार, चिमी!"

घरातले दोन फोन टुणटुणले. त्यातला एक स्वयंपाकघरात होता, आणि सूनबाई ओले हात घेऊन आली. मागोमाग मुलगा.

"बाबा, हे काय?" तो म्हणाला. "सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मी बजावलं होतं."

"म्हणालोच असतो! पण म्हणून साडेचार किलो झिजायचं?"

आजोबा माझ्यावरून उतरलेच नाहीत. खाली माझ्याकडे बघत मुलाला म्हणाले, "तुझं काय, तू एकदा म्हणून मोकळा झाला असतास. त्याने कुलूप उघडलं रे माझ्यासाठी. शेवटची म्हणून केली. ती दुखते म्हणून कोणत्या तोंडाने सांगू त्याला?"

"दुखऱ्या तोंडाने सांगायचं," सूनबाई म्हणाली आणि डोळे पुसत फोन लावायला गेली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासलं. उपासमार, बाकी काही नाही. संध्याकाळी दातवाले काका घरी आले. त्यांनी कवळी दिव्याखाली धरली, डावीकडच्या एका टोकावर बोट फिरवलं आणि पिशवीतून छोटी कानस काढली. मुलाने त्यांचं मनगट धरून ठेवलं, काकांनी घासलं. दोन मिनिटांचं काम.

"चाव," काका म्हणाले. आजोबांनी सफरचंदाची फोड चावली. कर्रकन.

"आता कसं वाटतं?"

"लोण्यासारखं," आजोबा म्हणाले, आणि या वेळी कोणी नळ सोडला नव्हता.

"गाढवा," काकांचा आवाज चढला, "तीन महिने कळ काढलीस आणि मला सांगितलं नाहीस? मी शेवटची म्हणालो होतो, बिघडलेली म्हणालो नव्हतो!"

त्यानंतर घरात नवा कायदा झाला. माझ्यावर चढण्याआधी आजोबांची झडती होते, ती चिमी घेते. पण आजोबाही निरीक्षकच! ते म्हणाले, मग सगळ्यांचीच तपासणी होईल. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलाची दोन बोटं दांडीवर पकडली. आता दांडी तिथून हलवली आहे, आणि मुलगा सातशे ग्रॅमनी अचानक वाढला म्हणून आत्या काळजीत आहे. बहुधा काहीतरी पाठवेल.

मधे बरेच आठवडे मी आजोबांना चिमीच म्हणत होतो. ते रोज "आलो गं" म्हणून माझ्यावर उभे राहायचे आणि सगळे हसायचे. पण आकडा चढत होता.

ऐका, माझी एक विनंती आहे. मी उभ्या माणसाचं वजन सांगतो. त्याला चावता येतं का, हे मला विचारता येत नाही. तेवढं तुम्ही विचारत जा. आणि उत्तर फार खणखणीत आलं, तर खिसे बघा.

काल सकाळी झडती झाली, खिसे रिकामे निघाले, आजोबा माझ्यावर आले. पन्नास किलो शंभर. मी क्षणभर घुटमळलो, आणि म्हणालो, "नमस्कार, आजोबा."

ते उतरले. पुन्हा चढले.

"नमस्कार, आजोबा."

पुन्हा उतरले, पुन्हा चढले. सहाव्या वेळेला सूनबाईने आतून हाक मारली, "बाबा, पुरे आता! जेवायला या."

"आलो, आलो," आजोबा म्हणाले, आणि सातव्यांदा चढले.