ओसरीवरची क्लॅरिओनेट

मित्रांनो, मी जुनी आहे, काळी आहे आणि अजून रागावलेली आहे. मी एक क्लॅरिओनेट. सनईची लांबची, परदेशी बहीण म्हणा हवं तर. माझा जन्म फ्रान्समधला. अंगभर, भोकं झाकायच्या चकचकीत चाव्या लेवून मी एका रेल्वेच्या साहेबाबरोबर बोटीनं इकडे आले. त्याच्या क्लबात मी नाचाची आणि पलटणीच्या कूचाची गाणी वाजवी. स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्यानं मला तंजावरच्या तुकोजीरावांना देऊन टाकलं.

तुकोजीराव कोर्टात कारकून. त्यांची थोरली बहीण चंद्रमतीअक्का कीर्तनं करी. एकच बाई गाते, बोलते, हसवते, रडवते आणि रामाला डोळ्यांपुढे उभा करते! इतकं गोड मी साता समुद्रांत ऐकलं नव्हतं.

मलाही त्यात सूर मिसळावासा वाटला. पण माझे सूर पायऱ्यांसारखे सुटे आणि इथलं गाणं कावेरीच्या पाण्यासारखं वळत जाणारं. तुकोजीरावांनी फुंकर घातली आणि मी किंचाळले.

"अय्यो! मांजर विहिरीत पडलंय की काय रे, तुका?" अक्का हसून म्हणाली.

तुकोजीरावांनी नाद सोडला नाही. माझ्या काही चाव्या काढून त्यांची भोकं त्यांनी मेणानं बुजवली, उरलेली अर्धी झाकून सूर ओढायला ते शिकले. हळूहळू माझा गळा वळला. मग एकदा गंमत म्हणून त्यांनी साहेबाची कूचाची चाल वाजवली. अक्का हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"थांबू नकोस! ही तर रामाची वरात चाललीय!"

तिथल्या तिथे तिनं त्या चालीवर मराठी पद बांधलं. पावलं परदेशी, शब्द आपले. मित्रांनो, त्या दिवशी मी खरी या घरची झाले.

पुढे रामनवमीचा उत्सव आला. शेवटच्या दिवशी सकाळी भजनमठात अक्काचं सीताकल्याणाचं, म्हणजे सीतेच्या लग्नाचं, कीर्तन होतं. मठाचे कारभारी सीतारामराव दारातच आडवे आले.

"ही आत नको. तोंड लावून फुंकायचं वाद्य! उष्टं! रामापुढे?"

"मग देवळात नागस्वर काय पायानं वाजवतात, मामा?" अक्का म्हणाली. "आणि कृष्णाची मुरली?"

"तें आपलं. ही परकी."

"असं सांगा की! उष्ट्याचं नुसतं निमित्त."

ऐकलंत? एवढं चोख उत्तर मिळूनही माणूस हटला नाही. तुकोजीरावांना आणि मला ओसरीच्या उघड्या कडेला, वहाणांच्या शेजारी बसवलं. धुळीच्या वहाणा सावलीत आणि मी चैत्राच्या उन्हात!

कीर्तन रंगलं. धनुष्य मोडलं. वरात निघायची वेळ झाली, तशी अक्कानं दाराकडे तोंड करून ते पद उचललं. तुकोजीरावांनी ओसरीवरून साथ धरली. माझा सूर उंबरा ओलांडून, माणसांच्या डोक्यांवरून थेट रामाच्या तसबिरीपर्यंत गेला. सगळा मठ ताल धरू लागला.

"वाद्य बाहेर राहिलं, मामा," अक्का भर कीर्तनात म्हणाली, "सूर मात्र आत आला. आता त्याला बाहेर काढून दाखवा!"

मठ हसून दणाणला. पण मला आत घ्या, असं काही सीतारामरावांच्या तोंडून निघालं नाही.

त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. दर चैत्रात अक्का दाराकडे तोंड करून गाई आणि मी उन्हात बसून साथ करी. लोक "काय गोड वाजतं!" म्हणत आणि प्रसादाला आत जात. एकानंही मला उचलून आत नेलं नाही. आतून फुंकरीची ओल, बाहेरून ऊन. चौसष्ट साली वरातीच्या पदाच्या मधोमध माझ्या लाकडी अंगाला उभी चीर गेली. तुकोजीरावांनी मेण भरलं, दोरा गुंडाळला. सूर परतला नाही. आता मी पेटीत पडून असते.

मित्रांनो, वाद्य वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, उन्हात टाकू नका, हे कुणीही सांगेल. मी आणखी थोडं सांगते. लांबून आलेलं कुणी तुमच्या देवाचं गाणं गात असेल, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी त्याला सावलीत घ्या.