डागाची बाजू खाली

माझी धाकटी जाऊ महनूर सकाळी उठल्यावर पहिले तिचा मोबाइल पायते. अन् मी उठल्यावर पहिले माझ्या मोबाइलवर महनूरलेच पायते. काय टाकलं बाईनं, किती लोकाइनं लाइक केलं, कोणी वाहवा केली. चहा नंतर. खोटं कायले बोलू, माझा जीव जळते. ती गोरी हाय म्हणून नाई, बुलढाण्याले कॉलेजात शिकली म्हणून नाई. माझ्यामागून आली अन् माझ्यापुढं गेली, म्हणून जळते.

आमचं काम गाद्यांचं. मलकापुरात स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर आमची दोन शटरं हायत, मधात एकच भिंत. एक माझ्या नवऱ्याचं, कामरानचं. दुसरं देराचं, महनूरच्या नवऱ्याचं, नौमानचं. आधी दोन्ही मिळून एकच दुकान होतं, सासऱ्याच्या नावाचं: फकीर मोहम्मद गादीवाले. भाऊ वेगळे झाले तवा अब्बांनी पाटी उतरवली अन् आपल्या पलंगाखाली सारली. म्हणे, "नाव कोणाले द्याचं ते मी पाईन. लग्नसराई संपली की सांगतो. तवर पाटीवर नाई अन् मोबाइलच्या नकाशावरही नाई."

आता बाहेरगावचं गिऱ्हाईक मोबाइलवर तेच नाव शोधत येते. ज्याच्याकडं नाव, त्याच्याकडं धंदा. अन् मी मोठी सून. गादीचे टाके घालणं सासूबाईनं, नजमुन्निसा अम्मीनं, मले शिकवलं. जाताना आपलं दाभण माझ्या हातात ठेवून गेल्या. महनूरले तर दाभणात सुतळी ओवता येत नाई धड. नाव माझंच होतं. पण अब्बा आजकाल तिच्याच शटरात बसत, तिच्या मोबाइलात डोकं घालून हसत. माझ्या शटरात ते कधी हसले नाईत.

अन् ती असं काय मोठं करत होती? नवी गादी, तिची किंमत, दुकानाचा पत्ता, फोन नंबर. बस. कोणी काई विचारलं की हातातला घास ठेवून उत्तर द्याची. मले वाटलं, हे तं कोणीही करन. मी पण पेज काढलं. तिनं एक फोटो टाकला का मी पाच टाकू. गुलाबाची फुलं, जुम्मा मुबारक, दिवाळीच्या शुभेच्छा, मधातच एखादी गादी. लाइक काई येईनात. मंग मोबाइलच्या दुकानातल्या एकाकडून विकतच आणले. दोन हजार! नावं पायली तं वाचताच येईनात, कोणत्या मुलखातली लोकं होती अल्ला जाणे. त्यातल्या एकालेही मलकापुरात येऊन गादी घ्याची नव्हती.

मंग जाहिरात देल्ली. तोच मोबाइलवाला म्हणे, "भाभी, कुठं कुठं दाखवू?" मी म्हटलं, कंजूसी कायले, सगळ्या भारतात दाखव. दाखवली त्यानं. आसामातून निरोप आला, गादी घरपोच कवा देता? अन् इथं बाजूच्या नांदुऱ्याची बाई बिचारी विचारून राह्यली होती, दुकान कुठं हाय. पत्ता टाकाचाच राह्यला होता माझा. आसामवाल्याशी बोलण्याच्या नादात तिले उत्तर देल्लं नाई. ती गेली महनूरकडं, अन् लेकीच्या लग्नाच्या चार गाद्या घेऊन गेली.

मले असा राग आला! दुसऱ्याच नावानं मी महनूरच्या दुकानाले एक तारा देल्ला अन् लिहिलं, कापूस खराब. तिनं खाली काय लिहावं? "माफ करा, गादी घेऊन या, बदलून देऊ." त्याच्यावर आणखी लोकाइनं तिची तारीफ केली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

ते साल बोंडअळीचं. बीटीले अळी लागत नाई असं सांगून सांगून बी विकलं होतं, अन् गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरून ठेवली. वेचून घरी आला तो पिवळा, कवडी कापूस. लोकाइच्या हातात पैसा नाई, पण लग्नं काई थांबत नाईत. नवी गादी कोण घेते? जुनी आणाची, उसवाची, तोच कापूस पिंजून नव्या खोळीत भरून न्याची. असलं काम दोन्ही शटरात लागून राह्यलं होतं.

जुन्या गादीचा आमच्यात एक कायदा हाय. उसवाच्या आधी डागाची बाजू खाली कराची. आपली पाठ रस्त्याकडं ठेवाची. आत तावीज निघो, नोट निघो, का लेकराचा मूत निघो, बाहेर बोलाचं नाई. मी लग्न होऊन आली तवा अब्बांनी पहिली गोष्ट हेच सांगतली होती. "माणूस हकिमापासून लपवते, पण गादीपासून कसं लपवन? म्हणून आपण लपवाचं."

तर एक बाई आली. आपण तिले जनकाबाई म्हणू. हे तिचं नाव नाई अन् गावही मी सांगत नाई. नवऱ्याले लकवा मारेल. एका काळी गावच्या भांडणात त्या माणसाचाच शब्द शेवटचा असे. आता सगळं अंथरुणातच. गादी त्याची. खोळीवर जनकाबाईनं लग्नाच्या वक्ताले आपल्या हातानं पोपट काढेल होते, हिरवे, लाल चोचीचे. ती गादी उन्हात टाकली की गावातलं शेंबडं पोरगंही ओळखन कोणाची ते.

"आतला कापूस आमच्या वावरातला हाय, बीटीच्या आधीचा, गावरान," ती म्हणाली. "असा कापूस आता दिसत नाई बाई. हाच पिंज अन् हाच परत दे. तुझ्या सासूचे टाके होते याले. तुझा हात तिच्यासारखाच हाय म्हणतात, म्हणून शेजारी नाई गेली, तुझ्याकडं आली."

शेजारी नाई गेली! मी तं हवेतच. वाटलं, हे महनूरले दिसलं पाह्यजे, साऱ्या जगाले दिसलं पाह्यजे. ती नव्या गाद्या दाखवते ना? मी जुनीची नवी करून दाखवीन. आज आधीची, उद्या नंतरची. कामरान मागं पिंजाच्या मशीनवर होता, नाकाले फडकं बांधून. अब्बा नमाजले गेल्ते. मी मोबाइल डब्याले टेकवला, गादी रस्त्याकडं वळवली, अन् डागाची बाजू वर केली.

चांगला जवळून व्हिडिओ घेतला. डाग, पोपट, सगळं. वरून लिहिलं, "आज पाहा ही घाण, उद्या पाहा आमची कमाल!"

अन् काय सांगू! या वक्ताले लाइक विकत आणा लागले नाईत. मलकापूर, नांदुरा, मोताळा, सगळीकडची आपली माणसं. हसणारी तोंडं, नाक दाबेल तोंडं, पुढं धाडून राह्यले धडाधड. दिवसभर मोबाइल हातातून खाली ठेवला नाई मी. महनूरच्या साऱ्या गाद्यांनी वर्षभरात जेवढं केलं तेवढं माझ्या एका गादीनं दुपारपर्यंत केलं होतं.

दिवस कलता, अस्राच्या नमाजच्या सुमाराले महनूर माझ्या शटरात आली. "भाभी, तो व्हिडिओ काढून टाका."

"काऊन?"

"लोकं खोळ ओळखतील."

"पोटात दुखून राह्यलं का तुह्या?"

"भाभी, हात जोडते." तिचे डोळे भरेल होते.

मले काय आनंद झाला म्हणता! कामरानले म्हटलं, "पायलं? जळून राह्यली, जळून!" तो ताटात पाहून जेवत राह्यला. मी मात्र बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

जनकाबाई दुसऱ्याच दिवशी आली. भांडली असती तं बरं झालं असतं, मले भांडता येते. ती उंबऱ्याशी उभी राह्यली अन् म्हणाली, "माझा कापूस दे."

"काकू, आजच पिंजते ना."

"नको." मंग खाली पाहून म्हणाली, "पोट्ट्याइनं मोबाइल त्याईच्या तोंडापुढं धरला. म्हणे, आबा, तुमची गादी पाहा किती फेमस झाली. आता ते गादीवर निजतच नाईत. म्हणतात, मले खाली टाक. या थंडीत फरशीवर पडेल हायत."

मी तिच्या देखत व्हिडिओ पुसला. ती म्हणाली, "आता कायले पुसतं? गाव पाहून बसलं." तिनं उसवेल गादीतला कापूस चादरीत बांधला. एक पुंजका मशीनखाली उडाला होता, तो पण वाकून उचलला. खोळ काखेत मारली अन् शेजारच्या शटरात गेली.

मी खांबाआडून पायलं. ती महनूर, जिच्या हाताले मोबाइल चिकटेल असते, तिनं मोबाइल गल्ल्यात टाकून गल्ला बंद केला. शटर अर्धं ओढलं. खोळ हातात घेतली, अन् डागाची बाजू खाली केली. कोपऱ्यात स्टुलावर अब्बा बसेल होते. ते तिच्याकडं पायत नव्हते. माझ्याकडं पायत होते.

लग्नसराई संपाची वाट पायली नाई त्याईनं. संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर पलंगाखालची पाटी काढली, ओल्या फडक्यानं पुसली अन् नौमानच्या हातात देल्ली. मी आरडली, "अब्बा, मोठी सून मी हाय!"

"मोठी हायस म्हणूनच कायदा तुले पहिले सांगतला होता," ते म्हणाले. उलीसं रागावले पण नाईत.

कामरानसंगं मी बोलली नाई, जेवली नाई, भिंतीपलीकडं पाटीचे खिळे ठोकण्याचा आवाज आला तवा कानात बोटं घातली. माझं नाव! माझ्या अम्मीचं दाभण माझ्यापाशी, अन् नाव तिच्या शटरावर. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या नकाशावरही तेच, खाली महनूरचा नंबर.

अन् त्याच दिवशी ती अन् नौमान भरेल गादी उचलून माझ्या मागच्या दाराशी आले. खोळ नवी, साधी, निळ्या रेघांची. महनूर म्हणाली, "भाभी, टाके."

"तूच घाल. नावही तुहंच हाय आता."

"माझ्या टाक्यात कापूस सरकते. आजाऱ्याच्या पाठीले गठ्ठे टोचतील." मंग हळू बोलली, "आबा अजून फरशीवर हायत, भाभी. तुमचं नाव काकूले सांगत नाई मी. सांगतलं तं त्या गादी नेणार नाईत."

मी तिच्या तोंडावर दार लावणार होती, खरंच सांगते. पण फरशी म्हटल्यावर हात दाभणाकडं गेला. बसली. अम्मी घालत तसे टाके घातले, कोपऱ्यापासून आत, वरून दिसाले बारीक, आतून घट्ट. पाठ रस्त्याकडं होती माझी.

महनूरनं जनकाबाईले फोन करून विचारलं, "काकू, नव्या गादीचा फोटो टाकू का? खोळ नवी हाय, कोणाले समजणार नाई कोणाची ते." ती हो म्हणाली, तवा टाकला. अन् मंग पाहा! टाके पाहा टाके, असे टाके आता कोण घालते, फकीर मोहम्मद गादीवाल्यांचंच काम! एकानं तं विचारलं, हा हात कोणाचा?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे टाके, अन् वाहवा तिच्या नंबरवर! मी लिहिलं, "हा हात माझा हाय. नाजिश कामरान." बोट बटणावर नेलं, अन् भिंतीपलीकडून आवाज आला. जनकाबाई गादी न्याले आली होती.

तिनं गादीवर हात फिरवला, खोळीची खसखस मले इकडं ऐकू आली. मंग ती म्हणाली, "कोणाचा हात हाय गं हा?"

"घरचाच हाय, काकू," महनूर म्हणाली.

"तिले सांग, लय जीव लावून केलं. ते आता निजतील याच्यावर. चांगली बाई असन ती."

मी भिंतीले टेकून बसेल होती, मोबाइल हातात. लिहिलं होतं ते एक एक अक्षर पुसून टाकलं. महनूरले तं मी त्या घडीले पार विसरून गेली. पलीकडं जनकाबाई जिले चांगली म्हणून राह्यली होती ना, त्या बाईवर मी जळली.