हीदरच्या सापळ्यातला बोर्ड

शाळा मी ऑगस्टमध्ये सोडली. डीनशी भांडण झालं, बॅग उचलली, परत गेलेच नाही. मग शाळेने माझा ईमेल बंद केला, आणि सर्किट बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर त्याच ईमेलवर होतं. विद्यार्थ्यांना फुकट. माझं डिझाइन आत, मी बाहेर.

डिझाइन उंदरांच्या सापळ्याचं होतं. सापळा पडला की फोनवर मेसेज. असा एकच बोर्ड बनवलेला, तो शेजारच्या हीदरच्या बागेत चालू होता. आता ख्राइस्टचर्चमधल्या तिच्या उंदीर पकडणाऱ्या ट्रॅपिंग ग्रुपला तसेच हीप्स, म्हणजे ढीगभर, हवे होते.

बाबा म्हणाला, एक टर्म परत जा, ईमेल उघडेल. त्याला ते सोयीचंच होतं. तो पण इलेक्ट्रॉनिक्समध्येच आहे, म्हणून मी म्हटलं, तुझ्या ऑफिसच्या लायसन्सवर उघड. तर म्हणे फाइल सॉफ्टवेअरवाल्यांच्या क्लाउडवर आहे, तुझ्या अकाउंटशिवाय दिसणारच नाही. आणि त्याचं ऑफिसही तिथेच अडकलंय. जुने सगळे बोर्ड त्यात. सोडायचं तर सगळे नव्याने काढायला लागतील.

"मग काढा ना."

"कोण काढणार? तू?"

मी दार आपटून हीदरकडे गेले आणि बोर्ड घेऊन आले. दुसरं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला कुणाचा ईमेल लागत नाही. बोर्ड बघून त्यात सगळं परत काढता आलं असतं. पण बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा पार्ट्सच्या खालून जातात. त्या बघायच्या तर पार्ट्स उपटायचे, म्हणजे चालणारा एकुलता एक बोर्ड मारायचा.

पार्ट्स सोडवायला मी हॉट एअर गन लावली. बाबा दारात येऊन उभा राहिला.

"सिद्धी, नाही जमलं तर?"

"तर जाते शाळेत. खूश?"

तो खूश दिसला नाही. खुर्ची ओढून मीटर घेऊन बसला. मी फोटोवरून रेघा काढत गेले, तो मीटरच्या सुया टेकवत गेला. जोडलेलं असलं की बीप. चिपखालची एक रेघ माझ्याकडून सुटली होती, ती त्याला सापडली.

"मॅडम, ही कोण काढणार?"

चिडले, पण काढली.

नवे बोर्ड बनून आले. पहिला हीदरकडे बसवला, ती स्वीट अ‍ॅज म्हणाली, म्हणजे एकदम झकास. दोन दिवसांनी जेवताना माझा फोन वाजला. उंदीर. बाबाने मेसेज माझ्याआधी वाचला.

"ती फाइल मला पाठव," तो म्हणाला. "पासवर्ड काय?"

"नाहीये."

तो जरा वेळ भाजी चिवडत बसला. मग विचारलं, ऑफिसमधला एक जुना बोर्ड आणला तर बघशील का.

"आण. पण चालू परत मिळणार नाही."