सम्यक नावाचा फोल्डर

"मॅडम, हा सम्यक सापडतच नाहीये!"

कादंबरी नावाची नवी मुलगी आपल्या जागेवरून ओरडली आणि ठाण्यातल्या त्या एवढ्याशा ऑफिसात सगळ्यांचे हात थांबले. कालच रुजू झालेल्या पोरीला काय ठाऊक, की सम्यक हा दर्शनाचा नवरा आणि त्याला जाऊन तीन वर्षं झालीत!

"फोल्डर केला नसशील. सरक, मी करून देते," दर्शना उठत म्हणाली.

तिथली रीतच होती ती. कल्याणच्या घाऊक बाजारातल्या वजनकाट्यांचा प्रोग्रॅम सम्यकने लिहिलेला. अशा प्रोग्रॅमला हेडर फाइली लागतात. पुढे प्रोग्रॅमचे कोणकोणते भाग कामाला येणार, याची आधीच करून दिलेली ओळख म्हणा ना. पण त्यांची जागा विंडोजवर एक, मॅकवर दुसरी, लिनक्सवर तिसरीच. शोधून वैतागलेल्या सम्यकने सगळ्या फाइली स्वतःच्या नावाच्या फोल्डरात कोंबल्या आणि प्रोग्रॅममध्ये जागोजागी तोच पत्ता लिहून टाकला. माणूस हुशार, पण आळशी नंबर एक. तेव्हापासून कुणी नवं आलं की त्याच्या मशीनवर आधी सम्यक नावाचा फोल्डर, मग बाकीचं काम. सम्यक गेला, रीत राहिली.

दर्शनाने ती जिवापाड जपली. प्रोग्रॅम कंपाइल करायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायला, लावला की स्क्रीनवरून ओळी धावायच्या आणि ओळीओळीत त्याचं नाव. ती हातातलं काम सोडून बघत बसायची. तो आत कुठेतरी वावरतोय असं वाटून अंगावर काटा यायचा, आणि तो काटाही तिला हवासा वाटायचा. हे वेडेपणाचं आहे हे कळत होतं, पण वळत नव्हतं.

आता मात्र पंचाईत झाली. कल्याणचं गिऱ्हाईक यापुढे प्रोग्रॅम आपल्याच मशीनवर कंपाइल करणार होतं, आणि कुणा माणसाच्या नावाचा फोल्डर त्यांना चालणार नव्हता.

"फाइली ज्या त्या सिस्टिमच्या ठरलेल्या जागी ठेवू या," ऑफिसचे प्रमुख सुदेश सर तिची नजर चुकवत म्हणाले. "दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको सर. मीच करते," ती म्हणाली आणि आज करू, उद्या करू करत राहिली.

शेवटी डोंबिवलीच्या घरी, भाकरी थापणाऱ्या सासूपाशी तिने मन मोकळं केलं. "काढलं तर त्याचं नाव कुठंच उरणार नाही, आई."

"पण ते नाव लोकं घेतात कधी?" शालनबाईंनी विचारलं.

"काही अडलं की. फोल्डर सापडला नाही की मशीन त्याच्या नावाने ओरडतं, मग पोरं ओरडतात."

शालनबाईंचा हात थांबला. "म्हणजे यांचं अडलं की माझ्या पोराच्या नावाने शिमगा? ज्यांनी त्याला बघितला पण नाय, ती माणसं बोंबलणार, आणि तू ऐकत बसणार? काढ गं बाई ते. सुटू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी दर्शनाने ते काम पुरं केलं. एकेक पत्ता पुसून टाकला. मग तिन्ही सिस्टिमवर प्रोग्रॅम चालवून पाहिला. कुठे काही अडलं नाही. ओळी आल्या, गेल्या. तिच्या ओळखीचं त्यांत कुणी नव्हतं.

कादंबरी खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. चेहरा पार उतरलेला.

"सॉरी मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "कसे होते ते?"

तीन वर्षांत या ऑफिसात हे कुणी विचारलं नव्हतं. सांगायला दर्शनाने तोंड उघडलं, आणि काही केल्या शब्दच सापडेना. डोळे भरून आले.

"उंच होता," ती म्हणाली. "म्हणजे, तसा माझ्याएवढाच. मला वाटायचा उंच."