ट्रायलचं गिऱ्हाईक

कपडा अंगावर चढवून ‘छान आहे, छान आहे’ म्हणत घाईघाईने उतरवणाऱ्या गिऱ्हाइकाचा शिंपीमास्तरांना भारी राग. “ट्रायलला माझी भीड धरू नका हो,” असं ते भल्याभल्यांना दटावायचे. “श्वास सोडा. पोट आत ओढून उभे राहिलात, तर घरी गेल्यावर बटण उडेल आणि नाव माझं खराब होईल.” असा हा खमका माणूस लेकीच्या खुर्चीत बसला आणि नेमका त्या गिऱ्हाइकासारखा वागला.

लेक दातांची डॉक्टर. दवाखाना नुकताच थाटलेला, बाहेरच्या बाकावर माणसांपेक्षा धूळच जास्त. पहिला पेशंट म्हणून मास्तर हौसेने गेले. खालच्या दाढेत कीड होती. लेकीने ती साफ केली, दाताच्याच रंगाचं सिमेंट भरलं, निळा दिवा धरून घट्ट केलं. मग रंगीत कागद दाढेवर ठेवून म्हणाली, “बाबा, चावून बघा. उंच वाटतंय का? नीट सांगा हं.”

मास्तरांची जीभ बधिर, गाल जागेवर आहे की नाही तेही कळेना. पण पोरीच्या कपाळावरचा घाम तेवढा स्पष्ट दिसत होता. त्यांनी दात अलगद टेकवले आणि “एकदम फर्स्टक्लास!” म्हणून मोकळे झाले.

“थोडे दिवस गार-गरम लागेल,” लेक म्हणाली. “पण चावताना दुखलं, तर लगेच या.”

गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. ते एक वेळ ठीक, पण घास चावला तरी तेच. दिवस गेले, कळ काही जाईना, आणि मास्तरांची अळीमिळी गुपचिळी. शिकत असताना एकदा काम बिघडलं, तर ही पोर ‘माझ्या हाताला यशच नाही’ म्हणत घरी येऊन बसली होती. तिला परत पाठवताना आईबापाच्या नाकीनऊ आले होते. आता पुन्हा तिने हातपाय गाळले तर? त्यापेक्षा दाढ दुखलेली बरी. मास्तर एका बाजूने जेवू लागले आणि चहा कोमट करून पिऊ लागले.

दुकानात डबा द्यायला आलेल्या लेकीने पाहिलं, की बाबा दोरा कात्रीने कापतायत. ती हरखलीच. दोरा दातांनी तोडू नका, हे ती शाळेत असल्यापासून सांगत आली होती. मग तिच्या मनात आलं, आपले बाबा आणि कुणाचं ऐकणार?

तिने रिळाचा दोरा पुढे केला. “तोडून दाखवा.”

मास्तरांनी दोरा पुढच्या दातांत धरला. दाढच आधी टेकत होती, पुढचे दात मिळतच नव्हते. दोरा तुटला नाही, आणि मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“कधीपासून?”

“काही नाही गं. होईल हळूहळू…”

ती स्टुलावर बसली. “बाबा, बाहेरचा बाक रिकामा असला ना, की मी मनाशी म्हणते, निदान बाबांची दाढ तरी चांगली भरलीय.” तिने दोरा पुन्हा रिळाला गुंडाळला. “तुम्हीच खरं सांगणार नाही, तर मी शिकू कुणाकडून?”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोट आत ओढणारं गिऱ्हाईक ते हेच. त्यांनी निमूटपणे दुकानाचं शटर ओढलं.

या खेपेला इंजेक्शन नव्हतं. लेकीने कागदाचा डाग पाहून दाढ किंचित घासली. “आता?”

“अजून उंच आहे.”

पुन्हा घासली. “आता?”

“बाहेरच्या कडेला जरासं.” मास्तर मुळीच भीड धरेनात. दर तक्रारीगणिक पोरीचा हात मात्र सराईत होत गेला. शेवटी सगळे दात टकटक मिळाले. “आता बसलं,” ते म्हणाले. आणि या वेळी ते खरं होतं.

दिवा बाजूला सारायला हात वर न नेता ती अख्खी चवड्यांवर उंच झाली. ती डॉक्टरांची ढब असावी, असं मास्तर आजवर समजत होते. दवाखान्यासाठी तिचा पांढरा कोट त्यांनीच हौसेने शिवला होता.

“हा कोट काखेत काचतो का गं?”

“छे हो, एकदम फर्स्ट…” ती अडखळली. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. “पहिल्या दिवसापासून काचतोय, बाबा.”

मास्तर खुर्चीतून उठले आणि त्यांनी खिशातला खडू काढला.

“हात वर कर,” ते म्हणाले. “आणि श्वास सोड.”