सगळाच वर्ग ढ

स्टाफरूममध्ये तिला सगळे घाईताई म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. गणिताचा प्रश्न विचारून झाला रे झाला की उत्तरही तीच देऊन टाकायची. मुलं निवांत बसायची. घरीही तीच तऱ्हा. नुकतं चालायला लागलेलं लेकरू डगमगायच्या आत ही धावत जाऊन त्याला उचलायची. नवरा म्हणायचा, एकदा तरी त्याला मनासारखं पडू दे.

बाळंतपणाच्या रजेवर जाताना तिने नववीचं गणित भिंगसरांकडे सोपवलं होतं. सर शिकवायचे विज्ञान. डोळ्यांना चिकटवून पेपर तपासायचे म्हणून ते भिंगसर. रजा संपली, पण नववी काही परत आली नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिच्या पदरात पाचवी टाकली. तीही मायेनेच: मूल लहान आहे, जरा हलकं काम घे. ते हलकं काम घाईताईला फार जड जात होतं. तिने पुन्हा पुन्हा भुणभुण लावली तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या की गणित-विज्ञानाची कार्यशाळा आहे, तिथे तुझा नमुना पाठ बघते आणि मग ठरवते. जाता जाता हेही सुनावलं, की वर्गात मुलांपेक्षा तूच जास्त बोलतेस.

कार्यशाळा शाळेच्याच हॉलमध्ये होती. लहान मुलांची बाकं, त्यांत गुडघे अडकवून बसलेले मोठे शिक्षक, आणि समोर एक हसतमुख मार्गदर्शक. त्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: प्रश्न विचारा आणि तोंड मिटा. एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी आठवीतली मुलं व्हायचं. मुलं करतात तशाच चुका करा, असंही त्यांनी बजावलं होतं.

ही मुभा मिळायचाच अवकाश. निवृत्तीला टेकलेल्या भिंगसरांनी लगेच करंगळी वर केली. रसायनच्या मॅडमनी पुढच्याच्या पाठीवर खडूने गाढव काढलं. मोठ्या बाई नुसतं बघायला आल्या होत्या, पण मार्गदर्शकांनी त्यांनाही शेवटच्या बाकावर बसवलं. जन्मभर भाषा शिकवलेल्या बाई. त्याही मुकाट्याने बसल्या.

घाईताईने फळ्यावर एक चौरस काढला. शेजारी दुसरा, बाजू दुप्पट. पहिल्यापेक्षा दुसऱ्यात जागा किती पट, असं विचारून तिने ओठ घट्ट मिटले.

"दुप्पट," अख्खा वर्ग ओरडला.

घोटाळा असा झाला की चूक करायची जबाबदारी प्रत्येकाने मनापासून उचलली होती आणि हुशार मूल कोणीतरी दुसरं होईल, असं प्रत्येकजण धरून चालला होता. त्यामुळे हुशार मूल कोणीच उरलं नव्हतं. वर शिक्षकच ते, चुकीचं उत्तरही पुराव्यानिशी देणार. "बाई, तुम्हीच सांगता ना, समीकरणात एकीकडे जे करू तेच दुसरीकडे करायचं?" भिंगसर म्हणाले. "बाजू दुप्पट, तर जागा पण दुप्पट." टाळ्या पडल्या. आमच्या क्लासच्या सरांनीही असंच सांगितलंय, असं रसायनच्या मॅडमनी ठोकून दिलं.

उत्तर घाईताईच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात तिची नजर शेवटच्या बाकाकडे गेली.

आई झाल्यापासून तिला एक गोष्ट पक्की कळत होती: खोटं रडणं आणि खरं रडणं. खोटं रडणाऱ्याचा एक डोळा आपल्यावर असतो. इथेही सगळ्यांचा एक डोळा तिच्यावर होता. मोठ्या बाई मात्र फक्त फळ्याकडे बघत होत्या, कपाळाला आठी घालून. त्यांचं 'दुप्पट' नाटकातलं नव्हतं.

उत्तर सांगावं, तर सगळ्यांसमोर मोठ्या बाईंना चूक म्हटल्यासारखं; आणि नववी तर त्यांच्याच हातात. न सांगावं, तर पाठ फसला.

मग तिने पाठासाठी कापून आणलेले रंगीत कागद वाटले. प्रत्येकाला एक मोठा चौरस आणि निम्म्या बाजूचे बरेच छोटे. छोट्यांनी मोठा झाकून बघा, एवढंच ती म्हणाली.

भिंगसरांनी दोन कागद ठेवले, उरलेल्या जागेवर पंजा टाकला आणि झाकला म्हणून सांगितलं. कोणी विमान केलं. मोठ्या बाईंनी दोन ठेवले. निम्मा मोठा कागद उघडाच. त्यांनी ते उचलले, चष्मा पुसला, पुन्हा तेच दोन ठेवले. घाईताईचे पाय आपोआप तिकडे निघाले. मध्यावर आल्यावर तिने एका बाकाची कड धरली आणि तिथेच स्वतःला थोपवलं. बाईंनी तिसरा ठेवला. बराच वेळ गेला. मग चौथा.

"अगं, चार लागले," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. मग स्वतःशीच, "म्हणजे तो शिंपी खरं बोलत होता. टेबलक्लॉथ लांबीला, रुंदीला दुप्पट कर म्हटलं, तर चौपट कापड लागेल म्हणाला. मी त्याला लबाड म्हणून घालवून दिलं."

हे नाटक नव्हतं, हे आता सगळ्यांच्याच लक्षात आलं. भिंगसरांनी पंजा उचलला. "माझेही चारच लागतायत, बाई. मी उगाच हट्टाला पेटलो होतो." मग एकेका बाकावरून माझेही, माझेही सुरू झालं. मार्गदर्शक नुसते हसले.

चहाच्या वेळी मोठ्या बाई कप घेऊन तिच्याजवळ आल्या. "मी दोनवर अडले तेव्हा तू निघाली होतीस. आलीस का नाहीस?"

घाईताईने खुलासा करायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नववी घे," त्या म्हणाल्या. "भिंगसरांना मी सांगते." एक घोट घेऊन त्या थांबल्या. "आणि काय गं, बाजू तिप्पट केली तर?"

घाईताईने कपात बघितलं. चहावर साय धरू लागली होती. मोठ्या बाईंची बोटं टेबलावर छोटे छोटे चौकोन आखत होती. तिने साय धरू दिली.