रुमालाचे शंभर गुण

त्या सकाळी हँगरमध्ये विमान एक होतं. त्याला पाय तीन, चाकं सहा, आणि तिन्ही पायांच्या सांध्यांवर मिळून ग्रीस भरायची तोंडं अठ्ठेचाळीस. या अठ्ठेचाळीसांपैकी एकाच्याही भोवती ग्रीस दिसत नव्हतं. तेल झेलायला विमानाखाली ठेवलेले पत्र्याचे ट्रे अकरा, अकराही कोरडे. कामगार सात, पण हात काळे असलेला त्यांत एकही नाही. पांढरा रुमाल एक, आणि तो निरीक्षकाच्या खिशात होता.

निरीक्षकाने रुमाल काढला, झटकला आणि विमानाच्या उजव्या पायावरून असा फिरवला, जसा एखादी सासू नव्या सुनेच्या कपाटावरून बोट फिरवते. मग रुमाल उजेडात धरला. रुमाल पांढराच होता.

ही पद्धत त्याची स्वतःची होती. तीन वर्षांपूर्वी एका तपासणीत त्याच्या नव्याकोऱ्या पॅन्टला ग्रीसचा डाग पडला, आणि त्या डागातून विमानसुरक्षेच्या एका नव्या पर्वाचा उदय झाला. शंभरपैकी पन्नास गुण कागदपत्रांना, पन्नास रुमालाला. लँडिंग गिअरवर पंचवीस ठिकाणी रुमाल फिरवायचा, जिथे डाग पडेल तिथले दोन गुण कापायचे. संचालकांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या हँगरांना लागू केली. सांध्याच्या आत काय चाललंय ते वरच्या साहेबांना समजावून सांगताना घशाला कोरड पडते. रुमाल पांढरा आहे की काळा, हे मात्र कुणालाही कळतं.

"शंभर!" निरीक्षक म्हणाला. "फोरमनबाई, या विमानाचे हे सलग चौथे शंभर. बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकायला हवं."

फोरमनबाईंची या हँगरमध्ये सव्वीस वर्षं झाली होती. कौतुक ऐकताना त्यांचा चेहरा दाढदुखीच्या माणसासारखा व्हायचा.

"शिकलेत की साहेब," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनीही आमच्यासारखं धुवायचं मशीन घेतलंय."

निरीक्षक तोवर सही करत होता. सही करताना तो कुणाचं ऐकत नसे.

या विमानाला खात्यात 'आदर्श विमान' म्हणत. पाहुणे आले की त्यांना हेच दाखवायचं, आणि दाखवायचं म्हणजे आधी तपासायचं. त्यामुळे इतर विमानांच्या दोन वर्षांत तीन-चार, फार तर अकरा तपासण्या झाल्या असतील, तर याच्या एकोणीस झाल्या होत्या. उद्या दुपारी बाराला याच विमानासमोर संचालक नव्या नियमावर सही करणार होते, फोटोसकट. फोटो झाला की चार वाजता अडुसष्ट प्रवासी घेऊन विमान निघणार होतं.

नवा नियम यायचं कारण महिन्याभरापूर्वी घडलं होतं. याच जातीचं एक विमान उतरलं, शंभरेक मीटर धावलं आणि एका गुडघ्यावर बसलं. पायाच्या सांध्यातली पिन झिजून ढिली झाली होती, त्यामुळे पाय सरळ धरून ठेवणारं कुलूप नीट बसलं नाही. पंख घासला, ठिणग्या उडाल्या, सगळे प्रवासी घसरगुंडीवरून उतरले, एका बाईंचा पाय मुरगळला. चौकशी समितीने सहा बैठका घेतल्या आणि तपासण्या कमी पडल्या असा निष्कर्ष काढला. म्हणून आता वर्षाला दोनऐवजी बारा तपासण्या, त्याच पद्धतीने. मसुदा अर्थातच निरीक्षकाने लिहिला होता. त्याच्या उपसंचालकपदाची फाइल संचालकांच्या टेबलावर होती. उद्याच्या सहीनंतर ती हलणार, हे शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

मसुद्याला फक्त एक आलेख जोडायचा राहिला होता. जास्त तपासण्या, कमी झीज, अशी खाली उतरत जाणारी एक देखणी रेघ. दुपारी ऑफिसात बसून त्याने आकडे काढले. त्या हँगरमध्ये या जातीची सात विमानं होती. त्यांतल्या सहा विमानांचे पाय वर्षभरात पूर्ण उघडून पिना मोजल्या होत्या. सातवं आदर्श विमान. त्याची पाळी चार महिन्यांनी होती. आडव्या रेघेवर तपासण्या, उभ्या रेघेवर प्रत्येक विमानाच्या सर्वांत झिजलेल्या पिनेची झीज, असे त्याने सहा ठिपके मांडले.

रेघ वर चढत होती.

आपण अक्ष उलटे धरले असावेत असं त्याला वाटलं. ते सुलटेच होते. मग आकडे उलटे भरले असतील. तेही बरोबर होते. मग त्याने एक विमान 'अपवादात्मक' ठरवून वगळलं, तरी रेघ चढतच राहिली. दुसरं वगळलं, तर आणखी सरळ चढली. तीन तपासण्या झालेल्या विमानाची पिन तीन शतांश मिलिमीटर झिजली होती. अकरा तपासण्या झालेल्याची तेरा शतांश, आणि धावपट्टीवर गुडघा टेकलेलं ते हेच. परवानगी दहा शतांशांची. दर तपासणीमागे साधारण एक शतांश.

आदर्श विमानाच्या तपासण्या एकोणीस. आजची धरून वीस.

तो आलेख घडी करून घरी घेऊन आला. त्याची बायको दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती, आणि कागदावरच्या रेघांचा तिला मुळीच धाक नव्हता.

"म्हणजे तू जितका तपासतोस तितकं ते झिजतं?" तिने विचारलं.

"तसं नाहीये ते. मी नुसता रुमाल फिरवतो. रुमालाने लोखंड झिजत नाही."

"मग तू येणार म्हणून ते लोक काय करतात?"

"काय करणार? तयारी करतात."

"आमच्याकडे पण पेशंट करतात तयारी," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "वर्षभर दाताला हात लावायचा नाही, आणि यायच्या दिवशी पंधरा मिनिटं खसाखसा घासायचं. हिरड्या पार सोलून येतात. आणि डॉक्टर म्हणतात, वा, किती स्वच्छ!"

निरीक्षकाने तिच्याकडे पाहिलं, मग आलेखाकडे, मग उठून गॅलरीत जाऊन फोरमनबाईंना फोन लावला.

"मी यायच्या आधी तुम्ही नेमकं काय करता?"

"धुतो की, साहेब."

"कशाने?"

"पाण्याच्या फवाऱ्याने. मोठं मशीन आहे ना. भिंतीवर मारलं तर रंग निघतो."

"सांध्यांवर मारता?"

"सांध्यांवरच तर ग्रीस असतं," फोरमनबाई शांतपणे म्हणाल्या. "आम्ही भरतो ग्रीस, अगदी वेळापत्रकाप्रमाणे. भरलं की थोडं बाहेर येतं. तसं यायलाच हवं, त्याशिवाय ते आतपर्यंत पोचलंय हे कळणार कसं? पण बाहेर आलं की तुमच्या रुमालाला लागतं, रुमालाला लागलं की गुण जातात, गुण गेले की मला मेमो येतो. म्हणून फवारा मारतो. तो बाहेरचं काढतो, आतलंही काढतो, वर पाणी आत सारतो. रुमाल मात्र स्वच्छ राहतो हं."

"अहो, मग हे सांगायचं नाही का कुणाला?"

"तीन वर्षांपूर्वी लेखी दिलं होतं."

"कोणाला?"

"तुम्हालाच की. तुमचा शेरा आहे त्यावर. 'भावना लक्षात आल्या. तथापि स्वच्छतेबाबत तडजोड केली जाणार नाही.' छान अक्षर आहे तुमचं. मी फाइलला लावून ठेवलंय."

निरीक्षकाने आत येऊन आलेखावर सातव्या ठिपक्याच्या जागी पेन्सिलने खूण केली. जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणाला. बायकोने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि काही विचारलं नाही. तिने काही विचारलं नाही की प्रकरण गंभीर आहे, हे त्या घरात ठरलेलं होतं.

सकाळी साडेआठला तो संचालकांसमोर उभा होता. संचालकांनी फोटोसाठी नवा कोट घातला होता. त्यांनी आलेख हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"रेघ चुकीच्या दिशेला चाललीय," ते म्हणाले.

"रेघ बरोबर आहे साहेब. आपण चुकीच्या दिशेला चाललोय."

"सकाळी सकाळी तत्त्वज्ञान नको रे बाबा. तुझं म्हणणं काय?"

"आदर्श विमानाच्या दोन्ही मागच्या पायांच्या पिना आज काढून मोजायच्या. तोवर विमान उडवायचं नाही."

"सहा ठिपक्यांवरून?"

"हो."

"अरे, काल तूच शंभर गुण दिलेस! तुझाच रुमाल, तुझंच आदर्श विमान, आणि आज तूच ते जमिनीवर बसवणार? उद्या लोक विचारतील, कालचा निरीक्षक खरा की आजचा?" संचालकांनी टेबलावरच्या फायलींच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. कोणत्या फाइलवर, ते सांगायची गरज नव्हती. "चार महिन्यांनी पाय उघडायचेच आहेत. तेव्हा मोज हवं तितकं."

"चार महिन्यांत ते सहाशे वेळा उतरेल, साहेब."

"आणि पिना चांगल्या निघाल्या तर?"

"तर मी चुकलो असं लिहून देईन."

"नुसतं लिहून भागणार नाही," संचालक म्हणाले.

विमान थांबवण्याच्या आदेशाचा छापील कागद एकपानी असतो, आणि त्याला निरीक्षकाची सही पुरते. संचालकांना तो रद्द करता येतो, पण त्यासाठी त्यांना स्वतःची सही करावी लागते. सही करायची की नाही, याचा विचार संचालक चहा पीत करू लागले. निरीक्षकाने त्यांचा चहा संपेपर्यंत वाट पाहिली नाही. बाहेरच्या बाकावर बसून त्याने सही केली आणि तडक हँगर गाठला.

दहापर्यंत विमान जॅकवर चढलं. फोटोसाठी आणलेल्या फुलांच्या कुंड्या कामगारांनी बाजूला सारल्या. आधी डावा पाय. पिन अर्ध्या तासात, फारसा त्रास न देता बाहेर आली, मनगटाएवढी जाड, अंगावर पातळसा ग्रीसचा थर. फोरमनबाईंनी ती पुसून मायक्रोमीटरमध्ये धरली. नवी असताना व्यास साठ मिलिमीटर. आत्ता एकोणसाठ पूर्णांक चौऱ्याण्णव. झीज सहा शतांश.

परवानगी दहाची. पिन ठणठणीत होती.

ही बातमी संचालकांपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण निरीक्षकाने दुसरं माप घ्यायच्या आत फोन वाजला.

"सहा ना?" संचालकांचा आवाज मधाळ झाला होता. "अरे, चुका माणसाकडूनच होतात. आता शहाण्यासारखं पाय जोड, आदेश मागे घे, आणि बाराला फोटोत माझ्या शेजारी उभा राहा. आपण हे सगळं विसरून जाऊ."

निरीक्षकाने कागदावरचा आकडा पुन्हा वाचला. आलेखाप्रमाणे वीस यायला हवे होते. सहा म्हणजे थोडीथोडकी चूक नव्हे, तोंडावर आपटणं होतं. उजवा पाय अजून उघडला नव्हता, पण दोन्ही पायांना वजन सारखं, धावपट्टी तीच, तपासण्या तितक्याच. उजव्यात काही वेगळं निघेल असं म्हणायला त्याच्याकडे काहीही आधार नव्हता.

"पाच मिनिटांत कळवतो," तो म्हणाला आणि फोन खाली ठेवला. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा हँगरमध्ये कुणाला तरी सल्ला विचारला. "फोरमनबाई, डावी इतकी चांगली कशी?"

फोरमनबाईंनी पिनेवरून अंगठा फिरवला. "तिकडे पाइप पुरत नाही," त्या म्हणाल्या.

"कसला पाइप?"

"मशीनचा. नळ उजव्या भिंतीला आहे. पाइप उजव्या पायापर्यंत येतो, डावीकडे जात नाही. डावा पाय आम्ही फडक्यानेच पुसतो, हाताने. लांब पाइप मागितला होता, तो मंजूर झाला नाही."

निरीक्षकाने उजव्या भिंतीकडे पाहिलं. नळ होता. पाइप गुंडाळून ठेवला होता. त्याने स्वतः टेप धरून लांबी मोजली. साडेअकरा मीटर. नळापासून उजव्या पायापर्यंत नऊ, डाव्यापर्यंत पंधरा.

त्याने फोन उचलला. "साहेब, आदेश मागे घेत नाही. उजवी काढतोय."

"फोटोचं काय?"

"फोटो डाव्या बाजूने घ्या."

संचालकांनी त्यावर जे म्हटलं ते कुठल्याच परिपत्रकात बसणारं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "दोन वाजेपर्यंत वेळ देतो. तोवर आकडा मिळाला नाही तर आदेश मी रद्द करणार, आणि तुझी फाइल खालच्या खणात जाणार." फोटो पुढे ढकलला गेला. कुंड्या परत नेल्या गेल्या.

उजवी पिन हलली नाही. पिन बाहेर खेचायचं हत्यार लावलं, तरी हलली नाही. सांधा गरम करून पाहिला, तरी ती तिथेच. दोन कामगारांनी मिळून हत्याराला जोर लावला तेव्हा आतून करकर असा कोरडा आवाज आला, आणि सातही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. साडेबाराला ती केसभर सरकली. एकला बोटभर. अडुसष्ट प्रवाशांसाठी कंपनी दुसरं विमान शोधतेय, त्यांना संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल आणि त्यांतले काही जण निरीक्षकाचं नाव विचारतायत, असा निरोप मधेच येऊन गेला. एक वाजून चाळीस मिनिटांनी पिन बाहेर आली. तिच्यावर ग्रीस नव्हतं. एका बाजूला झिजलेल्या लोखंडाची तांबूस पूड होती, ती फोरमनबाईंनी आधी कागदावर झाडून घेतली आणि मग पिन पुसली.

"तुम्ही मोजा साहेब," त्या म्हणाल्या. "माझ्या मापावर उद्या कुणी विश्वास ठेवायचं नाही."

निरीक्षकाने मायक्रोमीटर शून्यावर तपासला. पहिलं माप त्याने घेतलं, दुसरं फोरमनबाईंनी, आणि तिसरं पुन्हा त्याने, पिन पाव वळसा फिरवून. तिन्ही मापं आदेशाच्या त्याच कागदावर, एकाखाली एक लिहिली.

५९.७८. ५९.७९. ५९.७८. झीज, सरासरीने, बावीस शतांश मिलिमीटर. परवानगी दहा.